वाऱ्याकडे पाठ

"झाकण उघडू नको त्याचं! किती डाव उघडशील? उघडलं की जाळ आणिक भडकायलाय!"

माय मागच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि मी एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात अर्धवट जळलेला हातमोजा घेऊन त्या लोखंडी पिंपाशी झटापट करत होतो. सकाळचे साडेनऊ झाले होते. वारा इतका, की अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची केव्हाच कुंपणाला जाऊन चिकटली होती. झाकणावरचा उष्णतेचा काटा दोनशे पंचवीस फॅरनहाइटवर राहायला हवा होता, तो साडेतीनशेला टेकला होता. आत साडेसहा किलो गोमांस होतं आणि संध्याकाळी सहाला माझ्याकडे अकरा माणसं जेवायला यायची होती.

हे मी रागानं सांगतोय. पंधरा वर्षं झाली तरी राग उतरलेला नाही, आणि तो नेमका कुणाकुणावरचा आहे हे कबूल करायलाही मला त्यातली बरीच वर्षं लागली.

टेक्सासच्या पार उत्तरेच्या टोकाला मी तेव्हा पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनियर होतो. लग्न झालेलं नव्हतं. मुलूख सपाट, झाड म्हणून नाही, आणि वारा बारा महिने. त्या वाऱ्यावरच माझं पोट होतं. तिकडची माणसं मांस भाजत नाहीत, धुरावर शिजवतात. पिंपात तळाला कोळसे, त्यांत लाकडाचे चारदोन तुकडे, वर जाळी आणि जाळीवर गाईच्या छातीचा अख्खा तुकडा, ज्याला तिकडे ब्रिस्केट म्हणतात. कोळसा पेटायचा नाही, नुसता धुमसायचा, तोही बारा-तेरा तास. हवा आत घ्यायला खाली एक झरोका, धूर सोडायला झाकणावर एक. या दोन भोकांवर सगळा खेळ. मी हे कंपनीतल्या एका म्हाताऱ्या फोरमनकडून शिकलो होतो आणि तीन वर्षांत त्यात बरा हात बसला होता.

इतका बरा, की गावातली सहाही मराठी कुटुंबं माझ्या अंगणावर जीव टाकून होती. दोनशे मैलांत मराठी बोलणारी तेवढीच. त्यांचे म्होरके श्रीरंग उपासनी. मी त्यांना श्रीरंगदादा म्हणायचो. पशुखाद्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, गणपतीत आरती सांगायला पुढे, आणि ब्रिस्केटवर असं बोलायचे की जणू गुरुगृही बारा वर्षं राहून शिकून आलेत. चरबीकडची बाजू कोणती, सुरी कशी आडवी चालवायची, बाहेरचा काळा थर केवढा जाड हवा. एक शब्द मात्र त्या अंगणात तीन वर्षांत कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. गाय. ब्रिस्केट म्हणायचं, बार्बेक्यू म्हणायचं, फार तर 'सुधनच्या हातचं' म्हणायचं. मुलंसुद्धा तयार झाली होती.

माय येऊन पंधरा दिवस झाले होते. माय म्हणजे केवळाबाई सांगवीकर, लातूरकडची, सहासष्ट वर्षांची, पहिल्यांदाच विमानात बसलेली. आदल्या दिवशी मी मांसाचं पाकीट ओट्यावर ठेवलं तेव्हा तिनं चष्मा पुसून त्याच्याकडे निरखून पाहिलं होतं.

"काय हाय हे?"

"मटण."

"एवढा मोठा बोकूड?" ती हसायलाच लागली. "अरे लेका, मला शिकवायलास व्हय? ही छाती हाय. गाईची. पुढल्या दोन पायांच्या मधली."

मी सुरी घेऊन चरबी तासायला लागलो. कडेचा एक पातळसर पट्टा नीट शिजत नाही, वाळून कडक होतो, म्हणून तो कापून मी कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिनं तो लगेच उचलून धुतला.

"हे टाकायलास? चांगलं किलोभर हाय की." तिनं त्याला मीठ-हळद चोळली, वाडगं झाकून फ्रीजमध्ये ठेवलं आणि काय करणार ते काही सांगितलं नाही.

आणि आता ती मागच्या दारात उभी होती. नऊवारीवर माझं जाड जॅकेट, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल. पाचच मिनिटं तिनं माझी फजिती पाहिली, मग खाली उतरून पिंपाभोवती एक चक्कर मारली.

"ह्याचं तोंड वाऱ्याकडं का केलंस?"

"हवा नीट मिळावी म्हणून."

"नीट? लोहाराचा भाता लावल्यावानी मिळायलीय. कुनी शिकवलं तुला हे?"

कुणीच शिकवलं नव्हतं. ती माझ्या धंद्याची खोड. पवनचक्की सतत वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. वारा फिरला की तिचं डोकंही फिरतं, आणि ते फिरवायची यंत्रणा हेच माझं काम. आठ-आठ तास तेच करणाऱ्या माणसानं पहाटे पिंप मांडलं तेही झरोका बरोबर नैऋत्येला करून, वाऱ्याच्या समोर. आधीच्या तीन वर्षांत पिंप गॅरेजच्या आडोशाला होतं. त्या दिवशी माणसं जास्त येणार म्हणून मी ते मोकळ्यावर आणलं होतं.

"तुझ्या पवनचक्कीला तोंड लागत असंल," माय म्हणाली, "चुलीला पाठ लागती. धर तिकडून."

दोघांनी मिळून ते तापलेलं पिंप ओल्या टॉवेलनी धरून अर्धं फिरवलं. मग तिनं झरोका दोन बोटं राहील इतका लोटून घेतला. गॅरेजमधल्या दोन जुन्या चादरी पाण्यात बुडवून खुर्च्यांवर टाकल्या आणि तीन बाजूंनी आडोसा केला. तरी झाकणाच्या फटीतून धूर निसटत होता. ती आत गेली आणि परातीत कणीक मळूनच बाहेर आली. कणकेची लांब वळी करून तिनं फटीवर दाबत दाबत अख्खं झाकण लिंपून टाकलं.

"आता सांजच्यापतुर हात लावायचा न्हाई. बघत बस नुसता."

मी बघत बसलो. काटा तीनशेवर आला, मग पावणेतीनशे, मग तासाभरानं दोनशे तीसवर येऊन थांबला. वारा तसाच घोंघावत होता, पण चादरीच्या आत धूर सरळ उभा चढत होता. मायनं नाक वर करून वास घेतला.

"येडी बाभळ हाय का रे आत?"

मी चकितच झालो. तिकडे ज्याला मेस्किट म्हणतात ते लाकूड म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड. "तुला कसं कळलं?"

"जलम गेला त्या धुरात. पावसाळ्यात चान्या वाळत न्हाईत ना, किडं पडतेत. मग माझी माय चुलीवर तार बांधायची आन् तारंवर टांगायची. खाली हीच बाभळ जळायली. धूर लागला की किडा जवळ येत न्हाई." चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून वाळवलेल्या. तिच्या माहेरी स्वस्तात मिळालेलं मांस असं महिनोन्‌महिने पुरवायचे. "बहात्तरच्या दुष्काळात त्या तारंवर जगलाव आमी. तुझे आजोबा म्हनायचे, मेलेलं वढायचं सोडलंय आपुन, पर इकत आनून खायला कुनाच्या बापाची भीती न्हाई."

ती त्या धुराशेजारी पायरीवर बसून असं काहीबाही सांगत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला त्या देशात काहीतरी ओळखीचं सापडलं होतं. आणि मी, तिचा शिकलेला मुलगा, मनातल्या मनात वेगळाच हिशेब करत होतो, की हिनं हे सगळं संध्याकाळी काढलं तर?

"माय," मी म्हणालो, "संध्याकाळी लोक येतील तेव्हा जुन्या गोष्टी नको काढूस."

"कुठल्या जुन्या?"

"तुला कळतंय मी कशाबद्दल बोलतोय."

तिला कळलं. ती थोडा वेळ नखानं कणीक खरवडत बसली. तिकडे मला सगळे सुधन सांगवीकर म्हणायचे. सांगवीकर म्हणजे मूळचे कोण, असं वृंदावहिनींनी, म्हणजे श्रीरंगदादांच्या बायकोनं, मला तीनदा तरी विचारलं होतं. मी तिन्ही वेळा 'लातूरकडचे' एवढंच सांगितलं होतं. मग त्यांनी आपसात काय ते ठरवून टाकलं, आणि जे ठरवलं ते मी दुरुस्त केलं नाही.

"बरं," माय अखेर म्हणाली. "न्हाई काढत. पर एक सांग. मी बी बसू ना तुमच्यासंगं? टेबलावर?"

"हे काय विचारणं झालं? तू बसणार नाहीस तर कोण बसणार?"

"तसं न्हाई." ती जरा लाजलीच. "पाटलाच्या घरी लगीन असलं का आमी घरून ताट घिऊन जायचाव. आन् समदी पंगत उठंस्तवर कुडाच्या बाहीर हुबं ऱ्हायचं ताट घिऊन. मग उरलेलं वाढायचे वरून, हात न लावता. तवा मनात यायचं, एकदा तरी ह्या लोकायसंगं एका पंगतीत बसून जेवावं. म्हनून इचारलं. मी सकाळधरनं काही खाल्लं न्हाई, एकदम सांजच्यालाच खाईन सगळ्यासंगं."

"बसशील," मी म्हणालो. "माझ्या शेजारी बसशील."

हे मी बोललो होतो. ते विसरायची सोय नाही.

सहाला गाड्या यायला लागल्या. वारा थोडा पडला होता. श्रीरंगदादांनी घडीचं मोठं टेबल आणि बर्फाची पेटी आणली होती. मी कणकेचा करपलेला पट्टा फोडून झाकण उचललं आणि सगळ्यांनी एकदम 'आहाहा' केलं. मांस काळंभोर, वरून खरपूस, आणि सुरी टेकवली तर लोण्यात जावी तशी आत गेली. तीन वर्षांत माझ्या हातून असं उतरलं नव्हतं. खरं तर माझ्या हातून उतरलंच नव्हतं. पण मी वाहवा घेत राहिलो.

"आज काय केलंस काय तू सुधन?" श्रीरंगदादा तोंडात तुकडा घोळवत म्हणाले. "एवढ्या वाऱ्यात! इथले पट्टीचे लोकसुद्धा आज पिंप पेटवत नाहीत." मग त्यांनी धुराची लाली कशी खोलवर गेलीय ते सगळ्यांना सुरीच्या टोकानं दाखवलं. गावातले एकुलते मराठी दंतवैद्य पराडकर तर नुसते खात होते.

माय तोंड धुऊन, निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून बाहेर आली. मोठ्या अदबीनं तिनं सगळ्यांना नमस्कार केला. टेबलाच्या टोकाला माझ्याशेजारची खुर्ची रिकामी होती. कागदी ताटांच्या चळतीतून तिनं एक ताट घेतलं आणि त्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी मांस कापत होतो. ती माझी वाट पाहत होती, बस म्हणायची.

तेवढ्यात वृंदावहिनी उठल्या. "अहो काकू, थांबा थांबा! तुमच्यासाठी मी वेगळं आणलंय. साबुदाण्याची खिचडी आणि काकडीची कोशिंबीर. वेगळ्या डब्यात, कशाचाही हात लागलेला नाही. तुम्हाला आत बसून शांतपणे खायचं असेल तरी चालेल हं." मग टेबलाकडे पाहून, आवाज खाली आणून, "याच्याकडे तुम्ही बघूच नका. हे आपलं ते... टर्की असतं, टर्की. इकडचा मोठा कोंबडा."

तीन जणांनी माना डोलावल्या. "हो, टर्की, टर्की."

माय आधी बुचकळ्यात पडली. मग तिला वाटलं थट्टा चाललीय, आणि ती मोकळेपणानं हसली. सकाळपासून ज्या जनावराबरोबर ती बसली होती, ज्याचं झाकण तिनं स्वतः लिंपलं होतं, ते तिला कोंबडा म्हणून सांगत होते!

"काय बाई चेष्टा करायलाव! टर्की कुठली? गाय हाय की ती. छातीचं हाय. झाकन मीच लिंपलंय. आमच्याकडं ह्याच्या चान्या करतेत, लई गोड लागतेत." आणि ती उत्साहानं हातवारे करत सांगायला लागली, कसं लांब कापायचं, कसं मीठ लावायचं, दोरीवर टाकल्यावर कावळे कसे राखायचे. मी सांगितलेलं तिच्या ध्यानातून पार गेलं होतं. की तिला वाटलं, जे आत्ता हे सगळे मिटक्या मारत खातायत त्यात लपवायचं ते काय? आणि तिचं काय चुकलं त्यात?

कागदी ताटांच्या कडा वाऱ्यानं फडफडत होत्या. श्रीरंगदादांचा तिसऱ्या वाढणीचा घास बोटांत तसाच राहिला. पराडकरांनी चघळणं थांबवलं. ज्या तोंडांनी तीन वर्षं ती गाय मिटक्या मारत खाल्ली होती, त्या तोंडांना तिचं नाव ऐकूनच मळमळायला लागलं होतं. नाही, चुकलो. नाव ऐकून नाही. ते कुणाच्या तोंडून आलं ते ऐकून.

वृंदावहिनींनी मायकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुमच्याकडे... आधीपासूनच?"

श्रीरंगदादांनी ते अजून सोपं करून विचारलं. सौम्य आवाजात, अगदी सभ्यपणे. "म्हणजे सुधन, इकडे आल्यावर सुरू केलं नाहीस तू. तुम्ही मूळचेच खाणारे?"

मूळचेच.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. पंधरा वर्षं मी ते गाडी चालवताना, आंघोळ करताना म्हणत आलोय. त्या संध्याकाळी मी हसलो. मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "छे हो! आई पण ना, काहीतरीच बोलते. गावात शेजारी वस्ती होती, तिथं लहानपणी कुठं पाहिलं असेल तिनं."

आई म्हणालो. घरात जन्मात कधी मी तिला आई म्हटलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी लहानपणी पडलो की किती लागलंय ते बघायला बघायची, तसं पाहिलं. मग मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "शेजारी. शेजारी बघितलं व्हतं."

हातातलं ताट तिनं पुन्हा चळतीवर ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर मिठाची बाटलीही ठेवली. "पाय दुखायलेत माझे. तुमी जेवा निवांत," म्हणाली आणि आत गेली.

"तेच म्हटलं!" वृंदावहिनींनी श्वास सोडला. "मी तर घाबरलेच बाई!" सगळे हसले. मीही हसलो. आणि मग त्या लोकांनी पुन्हा खायला सुरुवात केली! श्रीरंगदादांनी चौथी वाढणी घेतली. पराडकरांनी खाली सांडलेला रसही पावानं पुसून घेतला. गाय पुन्हा ब्रिस्केट झाली होती, सोवळ्यात आली होती. सहा कुटुंबांनी साडेसहा किलोंतलं नखाएवढंही ठेवलं नाही. मायसाठी एक तुकडा वेगळा काढून ठेवायचं मला सुचलं नाही, हेही लिहून टाकतो, कारण बाकीच्यांवर चिडताना ते गाळणं मला सोयीचं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर माय अंगणात होती. आडोशाच्या चादरी धुऊन, पिळून तिनं घडी करून ठेवल्या होत्या. फ्रीजमधलं वाडगं रिकामं होतं. गॅरेजपासून कुंपणापर्यंत दोरी बांधलेली आणि दोरीवर बोटाएवढ्या रुंदीच्या, हातभर लांबीच्या लाल पट्ट्या ओळीनं टांगलेल्या. वारा पुन्हा सुटला होता.

"वारं चांगलं हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सांजच्यापतुर वाळतील. वाया कशाला घालवायचं."

मी तीनदा आदल्या संध्याकाळचा विषय काढायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तिनं मला काहीतरी काम सांगितलं. दुपारी तिनं पिंपात तळाला थोडे कोळसे पुन्हा पेटवले आणि झरोका वाऱ्याकडे पाठ करून ठेवला.

चारच्या सुमारास श्रीरंगदादा टेबल आणि बर्फाची पेटी न्यायला आले. बाजूच्या फाटकातून सरळ अंगणातच. दोरीखालून वाकून येताना एक पट्टी त्यांच्या कपाळाला लागली.

"हे काय रे?" त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

मी बर्फाची पेटी त्यांच्यापुढे आणून ठेवली.

"बरं ते असू दे. अरे सुधन, कालच्याबद्दल सांगायचं होतं. काकू जे बोलल्या ते आम्ही कुणी मनावर घेतलेलं नाही. वृंदानंही सगळ्यांना सांगितलं, खेड्यातली बाई आहे, बोलून जाते."

माय पिंपाशी बसली होती, दहा पावलांवर. तिला ऐकू येत होतं. त्यांनाही माहीत होतं की तिला ऐकू येतंय. आदल्या दिवशी जे डोक्यात चढायला हवं होतं ते तेव्हा चढलं.

"चान्या आहेत त्या," मी म्हणालो.

"काय?"

"दोरीवर. तुम्ही विचारलंत ना हे काय. चान्या. माझ्या मायनं केल्यात. शेजारी बघून नाही, तिच्या मायकडून शिकून. आम्ही मूळचेच आहोत, श्रीरंगदादा. आणि माझं नाव सुधन नाही, शुद्धोधन आहे. आता कळलं कोण सांगवीकर ते?"

ते दोन पावलं मागे सरले. चेहऱ्यावर राग नव्हता. फसवल्यासारखा भाव होता. हाच माणूस फसवला गेला होता म्हणे!

"अरे, तू उगाच तापतोयस. आम्ही असं काही मानत नाही. पण आवडीनं खाणं वेगळं आणि..."

"आणि काय?"

"आणि परंपरेनं वेगळं."

"वा! तुम्ही जिभेच्या चोचल्यांसाठी गाय खाल्ली ती हौस, आणि माझ्या मायनं दुष्काळात पोटासाठी खाल्ली तो कलंक? तीन वर्षं माझ्या अंगणात बोटं चाटलीत तुम्ही. काल ज्याच्या चार वाढण्या घेतल्यात ते मी केलेलं नव्हतं. तो जाळ हिनं आवरलाय. ती कणीक हिनं लावलीय. हिच्या हातचं जेवलात तुम्ही काल, दादा. पचलं ना?"

त्यांनी टेबलाची घडी घातली, पेटी काखेत मारली, आणि निघताना दोरीखालून न जाता अंगणाला मोठा वळसा घालून गेले. ती गाडी माझ्या दारात पुन्हा कधी आली नाही. बाकीच्या पाचांचीही नाही. गणपतीला मला बोलावणं नव्हतं.

मला मोकळं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. मी मायजवळ गेलो आणि पायरीवर बसलो. तिनं दोरीवरची सगळ्यांत वाळलेली पट्टी काढून निखाऱ्यांवर टाकली. ती तडतडली, आखडली, कडेनं तेल सुटलं. वेड्या बाभळीचा धूर आमच्या दोघांच्या मधून सरळ वर जात होता.

"ऐकलंस ना?" मी विचारलं. "सगळं सांगितलं त्यांना."

"ऐकलं."

"मग?"

तिनं चिमट्यानं चानी उलटली.

"बरं केलंस. पर आज त्यो एकटाच व्हता, लेका. काल समदे व्हते." निखाऱ्यावरची राख तिनं फुंकली. "आन् काल मी ताट घिऊन हुबी व्हते."

मग तिनं ती चानी मधोमध तोडली, मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि खा म्हणाली.